सात हालीचे सहा कलदार

"मन्मथप्पा, हे घे आन् मला कलदार दे," असं म्हणत हुसेनबी मावशीने गाठोडं आमच्या घोंगडीवर ठेवलं. ठेवताना तिला दोन्ही हात लावावे लागले, त्यावरूनच ते किती जड आहे ते मला कळलं.

आम्ही ओढ्याकाठच्या चिंचेखाली बसलो होतो. मी आणि माझे वडील, आप्पा. ओढ्याच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे मुंबई इलाखा, असं माझ्या आजोबांच्या काळापासून चालत आलं होतं. निजामाचं राज्य जाऊन चार-साडेचार वर्षं झाली होती, पण पैसा अजून दोन तऱ्हेचा होता. अलीकडे चारमिनारची छाप असलेला हाली रुपया, पलीकडे इंग्रजी छापाचा कलदार. बार्शीच्या बाजाराला जाणारा माणूस ओढा उतरायच्या आधी आमच्या घोंगडीपाशी थांबायचा, हाली टाकायचा आणि कलदार घेऊन पुढे जायचा. सात हालीचे सहा कलदार. त्यात आप्पांचा बट्टा रुपयामागे एक पैसा. त्या पैशावर आमचं दोघांचं घर चालायचं. आई मी नऊ वर्षांची असताना गेली होती.

महिन्याभरापूर्वी गावात दवंडी झाली होती. हाली बंद. आता सगळ्या मुलखाचा एकच रुपया. ज्याच्याजवळ हाली असेल त्याने आषाढाच्या आत तालुक्याच्या खजिन्यात नेऊन बदलून घ्यावा, नंतर कोणी विचारणार नाही. दवंडीवाला पुढच्या आळीला गेला तेव्हा आप्पा मला म्हणाले होते, "नंदे, चांगलंच झालं की गं. आता बार्शीला जाणाऱ्याला कुटं थांबायची गरज न्हाई."

मावशीने गाठोडं सोडलं. आत चांदीचे रुपये होते. मातीत पुरलेले असावेत, कारण काहींच्या कडांना अजून माती होती.

"किती हाईत?" आप्पांनी विचारलं.

"एकशे चाळीस. चांदसाबनं ठेवलेले. पिंजणाच्या खोलीत, जमिनीत."

चांदसाब पिंजारी म्हणजे मावशीचा नवरा. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्यांचा कापूस त्यानेच पिंजलेला. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तो कामाच्या पैशांसाठी म्हणून शेजारच्या गावाला गेला, तो परत आलाच नाही. काय झालं ते कोणाला कळलं नाही, किंवा ज्यांना कळलं त्यांनी सांगितलं नाही. मावशी तेव्हापासून एकटीच गोधड्या शिवून पोट भरत होती.

"घराचा मालक घर विकतोय," मावशी म्हणाली. "मला म्हनला, शंभर कलदार दे आन् घर तुझं. न्हाईतर दुसरं गिऱ्हाईक हाय. पंधरा दिवसाची बोली. न्हाई जमलं तर मला भावाकडं गुलबर्ग्याला जावं लागंल. तितं कोन वळखतंय मला? इतं निदान चांदसाबचं नाव तरी घेतंय कोनीतरी."

"माझ्याकडं आता शंभर कलदार न्हाईत, हुसेनबी," आप्पा म्हणाले. "धंदाच ऱ्हायला न्हाई. तू तालुक्याला जा. सरकारच बदलून देतंय, बट्ट्याबिगर."

मावशी एकदम मागे सरकली. "मी न्हाई जायची कचेरीत. इचारतील, कुटून आनले. पिंजाऱ्याच्या बायकोकडं एवढी चांदी कशी? लुटीचे म्हनतील. मागं आमच्यातल्या किती जनांना उगीच नेलं, तुला ठाऊक न्हाई?" मग म्हणाली, "पेठेतला शेट घेतो म्हनतोय. निम्म्या भावानं."

"निम्म्या भावानं तुझं घर न्हाई व्हायचं."

"मग काय करू?"

आप्पांनी गाठोड्याच्या चारी कोपऱ्यांची पुन्हा गाठ मारली. "उद्याच्या सर्व्हिस मोटारीनं जाऊ. मी येतो संगट. मी सांगंन सायबाला, ह्या बाईला मी वळखतो. नंदी बी यील."

मी का येणार हे मावशीला कळलं नसावं. तिला वाटलं असेल, बाईमाणसाला सोबत म्हणून. खरं कारण फक्त आप्पांना आणि मलाच माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी आप्पांना मोठा ताप आला होता. एकवीस दिवस ते अंथरुणावर होते. उठले ते कान गमावूनच. अगदी ठार बहिरे झाले नव्हते. समोर बसून मोठ्याने बोललं, ओठ दिसले, की त्यांना कळायचं. पण नाण्याचा आवाज गेला होता. आणि आमच्या धंद्यात तोच तर सगळा जीव होता. बाजारात खोटे रुपये पुष्कळ फिरायचे, आतून शिशाचे आणि वरून चांदीचा मुलामा दिलेले. वजनाने, डोळ्याने ते फसवायचे. फरशीवर टाकले की मात्र खरा रुपया खणकन बोलायचा आणि लांबवर घुमत राहायचा. खोटा बद्द वाजून तिथेच संपायचा. मन्मथप्पाच्या हातून गेलेलं नाणं खणखणीतच असणार, अशी पाच कोसांत ख्याती होती. कान गेले हे एकाला कळलं असतं तर आठवड्याच्या आत सगळ्या मुलखाला कळलं असतं.

म्हणून मी शेजारी बसू लागले. आप्पांनी रुपया फरशीवर टाकायचा, मी ऐकायचा. खोटा वाजला की मी पदर सावरायचा. आप्पा डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे आणि शांतपणे तो रुपया परत करायचे, "हा न्हाई चालायचा, पाव्हणं." दोन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. लोक मात्र मला नावं ठेवायचे. सतरा वर्षांची घोडी, लग्नाची, आणि बापाशेजारी रस्त्यावर बसते. आप्पांच्या कानावर ते पडायचं नाही, एवढंच बरं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला पोचलो तेव्हा कचेरीच्या आवारात शे-दीडशे माणूस होतं. कोणाच्या कमरेला पैशाचा कसा, कोणाच्या हातात पितळी डबा. एका म्हातारीने तर रुपये पोलक्यातच शिवून आणले होते आणि ती कोपऱ्यात बसून दातांनी टाके उसवत होती. रांग भराभर सरकत होती, कारण बहुतेकांकडे नोटा होत्या. चांदीवाल्यांना मात्र बाजूला काढत होते.

आमची पाळी आली. शिपायाने दार अडवलं.

"मालकीण कोण? तेवढीच आत. आणि एक बाप्या सोबतीला. बाकी बायांनी कठड्याबाहेर."

"ती माझी लेक हाय," आप्पा म्हणाले.

"असेल. बाहेर उभी राहील."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आतच मागच्या माणसांनी रेटा दिला आणि मी लाकडी कठड्याच्या बाहेर, तीन-चार पागोट्यांच्या मागे ढकलले गेले. टाचा उंचावल्या तर आतलं दिसायचं, पण आतून मी दिसत नव्हते.

टेबलामागे दास्ताने साहेब बसले होते. नाव मला नंतर कळलं. पुण्याकडचे, नव्यानेच बदलून आलेले, बारीक चणीचे आणि त्रासलेले. त्यांनी गाठोडं उघडलं, रुपये पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, ही एवढी चांदी तुमची?"

मावशीने आप्पांकडे पाहिलं.

"तिच्या नवऱ्याची हाय, साहेब," आप्पा म्हणाले. "चांदसाब पिंजारी. वीस वर्सं मी त्याला वळखत होतो. कष्टाची कमाई हाय."

"तुम्ही कोण?"

"मन्मथप्पा शेटे. ओढ्यावर बट्ट्याचं काम करतो."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "असं. मग ऐका. गेल्या आठवड्यात आमच्याकडे चांदीत सत्तर रुपये खोटे आले. आमचा पारखी होता तो हैदराबादला निघून गेला, आणि मला ही नाणी कळत नाहीत. ते सत्तर रुपये माझ्या पगारातून कापले जाणार आहेत. तेव्हा यापुढे पारखून दिल्याशिवाय मी सुटी चांदी घेत नाही. तुम्ही बट्टेवाले ना? पारखून द्या."

"देतो की," आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून ते सवयीनेच गेलं असावं.

"पण आधी तुमचीच पारख करू." साहेबांनी खणातून काही रुपये काढले आणि आमच्याकडे पाठ करून मावशीच्या रुपयांत मिसळले. "यात आमचे काही खोटे आहेत. किती ते मला माहीत आहे. वेगळे काढून दाखवा. बरोबर निघाले तर बाईंचे पैसे आत्ता देतो. नाही निघाले तर गाठोडं घेऊन जा."

शिपायाने एक शहाबादी फरशी आणून जमिनीवर ठेवली. आप्पा मांडी घालून बसले. सगळं आवार गप्प झालं. मन्मथप्पा पारखतोय म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. आसपासच्या खेड्यांतले कितीतरी लोक त्यांना ओळखत होते.

त्यांनी पहिला रुपया टाकला. खणखणीत वाजला. त्यांनी तो डाव्या हाताला ठेवला. दुसरा टाकला, तोही खरा. तिसरा बद्द वाजला. मी कठड्याबाहेर वेड्यासारखा पदर सावरला. पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे ते कोणाला दिसणार? आप्पांनी मान वर करून गर्दीवरून नजर फिरवली. मी त्यांना सापडले नाही. त्यांनी रुपया बोटांत फिरवला, कड बघितली, आणि तोही डाव्या हाताला ठेवला.

साहेबांनी चष्मा खाली घेतला.

ओरडावं असं वाटलं. पण काय ओरडू? माझ्या बापाला ऐकू येत नाही? मावशीचं घर एका बाजूला होतं आणि आजोबांपासून कमावलेलं नाव दुसऱ्या बाजूला. मी तोंडात पदराचा बोळा धरून उभी राहिले. खरं सांगते, मी गप्पच राहिले असते.

आप्पांनी चौथा रुपया हातात घेतला. तो टाकला नाही. मग त्यांनी तो खाली ठेवला, आणि शेवटचा ठेवलेला तो तिसरा रुपया उचलून पुन्हा ढिगात टाकला.

"साहेब," ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसासारखाच त्यांचा आवाज मोठा होता, पण आजवर तसं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. "मला ऐकू येत न्हाई."

"काय?"

"ताप आला व्हता. दोन वर्सं झाली. नाणं वाजलेलं मला कळत न्हाई. उगं अंदाजानं टाकतोय. बाईचं घर हाय ह्यात, अंदाजानं चालायचं न्हाई."

मागे कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. एकजण मोठ्याने म्हणाला, "मग दोन वर्सं आमाला बदलून काय देत व्हता? खोटं?"

हे आप्पांना ऐकू गेलं नाही, पण उत्तर त्यांनी त्याचंच दिलं. "ह्या दोन वर्सांत ज्यानं माझ्याकडून नाणं नेलं, त्यानं सांगावं एक तरी खोटं निघालं का. न्हाई निघायचं. ते सगळं माझ्या पोरीनं ऐकलंय. मी नुसता टाकायचो. पारखी ती हाय, साहेब. तुमच्या मानसानं तिला भाईर ठेवलीय."

मावशी तोंडाला हात लावून आप्पांकडे बघत होती.

"बोलवा तिला," साहेब म्हणाले.

मला वाट कोणी करून दिली ते आठवत नाही. मी फरशीसमोर बसले तेव्हा पहिला रुपया हातातून सुटून घरंगळत शिपायाच्या पायाशी गेला. लोक हसले. शिपायाने तो उचलून मला दिला. आप्पा सरकून माझ्या बाजूला बसले, जशी मी रोज त्यांच्या बाजूला बसायची तसे.

मी डोळे मिटले. मग गर्दी राहिली नाही. एक-एक रुपया टाकत गेले. खरे डावीकडे, खोटे उजवीकडे. हाताला पुन्हा लय सापडली. शेवटचा रुपया घुमायचा थांबला तेव्हा मी डोळे उघडले. उजवीकडे सहा रुपये होते.

साहेबांनी ते उचलले आणि उलटसुलट करून पाहिले. त्यांच्या खोट्या रुपयांवर कडेला शाईचा बारीक ठिपका होता. बोटाएवढ्या अंतरावरून पाहिल्याशिवाय तो दिसला नसता.

"मी पाच मिसळले होते," ते म्हणाले. "पाचही यात आहेत. हा सहावा कुठला?"

सहाव्यावर ठिपका नव्हता. तो मावशीचा होता.

ते सगळ्यांना एकदमच कळलं. मावशीचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं. आता म्हणतील, खोटी नाणी आणते, लुटीची आणते. मीच तिला बुडवलं. हा सहावा मी डावीकडे ठेवला असता तर कोणाला कळणार होतं?

"पुन्हा वाजवून दाखव," साहेब म्हणाले.

मी वाजवला. बद्द. साहेबांनासुद्धा कळावं इतका बद्द.

"तू यांच्या बाजूने आलीस ना?"

"व्हय."

"मग हा वेगळा का काढलास?"

"खोटा हाय म्हनून," मी म्हणाले.

तेवढ्यात मावशीने तो रुपया साहेबांच्या हातातून चक्क काढून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. "चांदसाबला कोनीतरी फशिवला की गं!" ती म्हणाली. "जनम गेला त्याचा सांगन्यात, मला कोन फशिवनार, मला कोन फशिवनार." आणि ती हसू लागली. हसता हसताच तिचे डोळे भरून आले. नवरा गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. साहेबही हसले. मग रांगेतले लोक हसले, आणि आप्पांना कारण कळलं नाही तरी तेही हसले.

साहेबांनी हिशेब केला. एकशे एकोणचाळीस हालीचे एकशे एकोणीस कलदार आणि दोन आणे. मावशीला कुठून आणले, कसे आणले, काही विचारलं नाही. कागदावर अंगठा घेतला आणि नव्या नोटा तिच्या हातात दिल्या. तिने त्यातली एक उन्हात धरून पाहिली, मग सगळ्या घडी करून कमरेला लावल्या.

आम्ही निघालो तसं साहेबांनी आप्पांना हाक मारली. आप्पा पुढे चाललेच होते. मी त्यांचा हात धरून थांबवलं.

साहेब उठून आप्पांच्या समोर आले आणि त्यांना ओठ दिसतील असे बोलले. "आषाढापर्यंत इथे रोज एवढी गर्दी असणार. मला पारखी हवा आहे. रोजंदारीचा. दिवसाला दीड रुपया, कलदार. बाईमाणूस ठेवायचं म्हणजे वरती लिहावं लागेल, लोक बोलतील, पण ते माझं मी बघतो. तुम्ही मुलीला पाठवाल का?"

आजोबांपासूनचा धंदा त्या पावसाळ्यात संपणार होता, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या बहिरेपणाची बातमी आमच्या आधी गावात पोचणार होती, हेही. मला वाटलं, ते नाही म्हणतील. लग्नाची पोर, परगाव, कचेरीत पुरुषांच्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग साहेबांना म्हणाले, "मला काय इचारता? कान तिचं हाईत. तिलाच इचारा."

"येशील का?" साहेबांनी मला विचारलं.

"राहायचं कुटं?" मी म्हणाले.

"माझ्या मावसबहिनीचं घर हाय इतं, मशिदीमागं," हुसेनबी मावशी मध्येच बोलली. "तिच्याकडं ऱ्हाशील. तुज्या चुलीला मी येगळी भांडी दीन."

आप्पांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून मी त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली. "येगळी कशाला?" एवढंच म्हणाले.

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी रजिस्टर ओढलं, टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "नाव?"

अशा वेळी उत्तर द्यायची सवय आप्पांना होती. शाळेत घालताना, लसीच्या वेळी, बाजारात कोणी विचारलं तर, माझं नाव कायम आप्पांनीच सांगितलं होतं. साहेबांचे ओठ त्यांना दिसले असावेत, कारण ते तोंड उघडून पुढे झुकलेसुद्धा. मग थांबले. एक पाऊल मागे सरले आणि हाताने मला पुढे व्हायला सांगितलं.

टाक कागदावर थांबला होता. सगळी रांग बघत होती.

"महानंदा मन्मथप्पा शेटे," मी म्हणाले, इतक्या मोठ्याने की मागे उभ्या असलेल्या आप्पांनाही ते ऐकू गेलं.